रोलचा गाभा : न दिसणाऱ्या लोखंडाचे सामर्थ्य

रोलिंग मिलमध्ये पोलादाची तप्त पट्टी ज्या रोलांमधून लाटली जाते, त्यांच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. पृष्ठभाग झिजू नये इतका कठीण हवा. मात्र वाकविणारा व पिळणारा भार सोसण्यासाठी गाभा आणि दोन्ही टोकांच्या माना चिवट हव्यात. कठीण धातू बहुधा ठिसूळ असतो. म्हणून एकाच रोलमध्ये दोन धातू एकजीव करतात. त्यांपैकी गाभ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तन्य बिडाचा आम्ही येथे विचार करीत आहोत. कारखान्यात त्याला एस. जी. आयर्न म्हणतात.

साध्या राखाडी बिडात ग्रॅफाइट पातळ पाकळ्यांच्या रूपात असते. पाकळीच्या तीक्ष्ण कडेशी ताण एकवटतो व तेथून तडा धावतो. १९४३ मध्ये अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळले, तेव्हा ग्रॅफाइटचे गोळे बनले. बिडात शेकडा ०.०३ ते ०.०५ एवढे मॅग्नेशियम उरले तरी पुरते. गोळ्याला धार नसते. त्यामुळे तडा सहज पसरत नाही. कार्बन तोच, बदलला तो त्याचा आकार.

रोल ओतताना प्रथम वेगाने फिरणाऱ्या साच्यात कवचाचा रस ओततात. तो भिंतीला लागून थिजू लागला की आत तन्य बिडाचा रस ओततात. हा रस कवचाची आतील बाजू किंचित वितळवितो आणि दोन्ही धातू जुळतात. खरी कसोटी येथेच आहे. रस थंड असेल तर सांधा कच्चा राहतो. फार तप्त असेल तर कवचातील क्रोमियम गाभ्यात उतरून कार्बाइडे तयार होतात आणि गाभा ठिसूळ बनतो. मॅग्नेशियमचा प्रभावही मिनिटागणिक ओसरतो, म्हणून विलंब चालत नाही. शिवाय जाड गाभा सावकाश थिजत असल्याने गोळ्यांचा आकार बिघडण्याचा धोका असतो.

चकाकणाऱ्या कवचावरून गाभा पारखता येत नाही. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी सांधा तपासावा लागतो. त्यात हयगय झाली तर चालू मिलमध्ये रोल तुटतो, काम थांबते आणि जवळच्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे ओतशाळेत उतरतील, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे : ओतण्याच्या त्या मोजक्या मिनिटांतील शिस्त पुढे कोणा अनोळखी कामगाराचे रक्षण करीत असते.