मोफत लस दारापर्यंत का पोहोचत नाही?

या अंकातील आरोग्यपाठ लसीकरणाचा आहे, आणि त्याला कारण झाल्या आपल्याच एक काकू.

गुरुवारच्या आरतीनंतर त्यांनी पिशवीतून तीन पाकिटे काढून माझ्या हातात ठेवली. "बिल असेल तर सांग गं, मुलाला दाखवायच्या आधी." पाकिटे फोडलेलीही नव्हती. आत बिल नव्हते, दवाखान्याचे बोलावणे होते. नागिणीची लस घ्यायला या, असे तीनदा कळवले होते. इंग्लंडमध्ये ही लस ७० ते ७९ वयात मिळते. पहिला डोस ८० पूर्ण व्हायच्या आत घ्यावा लागतो. काकूंना ८० पूर्ण व्हायला अडीच महिने उरले होते.

लस मोफत, नाव यादीत, तरी दंड कोरडाच. का, ते विचारत गेले. पत्र इंग्रजीत. वेळ घ्यायची ती फोनवरच्या ॲपमधून. दवाखान्याला दोन बस बदलून जायचे आणि मुलगा शिफ्टवर. शेवटी हळूच म्हणाल्या, "त्यात डुकराचं काहीतरी असतं म्हणे." एकेक कारण लहानच, पण सगळी मिळून एक भिंत झाली होती. सर्वांना मोफत देणे आणि सर्वांना सारखे मिळणे यांत हा एवढा फरक आहे.

हा धडा आपल्या मुलखाने फार पूर्वी, फार महागात घेतला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत शिरून रोगी शोधू लागले. लोकांनी रोगी लपवले, संताप वाढत गेला, आणि त्याचा शेवट कसा झाला ते आपण सारे जाणतो. मुंबईत मात्र खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी चारचौघांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, मग त्यांचे लोक पुढे आले. रोग तोच, सरकार तेच. आपल्या माणसाने आधी हात पुढे केला, एवढाच फरक.

इथे ब्रिटनमध्ये २०२१ च्या आरंभी हेच पुन्हा पाहिले. बर्मिंगहॅमच्या बॉल्सल हीथमधील अल-अब्बास मशिदीत, नीसडेनच्या स्वामिनारायण मंदिरात कोविडची लसीकरण केंद्रे निघाली. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये तर ऑर्गनच्या सुरांत लोक लस घेत होते. लस आणि परिचारिका सरकारी आरोग्यसेवेची. जागा, स्वयंसेवक आणि ओळखीचा चेहरा समाजाचा. भागीदारी म्हणतात ती हीच, बाकी सह्या-शिक्के नंतरचे.

आता आपल्या वयाच्या लसी. फ्लूची दरवर्षी, ६५ च्या पुढच्या सर्वांना. न्यूमोकोकलची ६५ नंतर, बहुतेकांना एकदाच. नागिणीची ६५ पूर्ण होताना किंवा ७० ते ७९ मध्ये. हिचे दोन डोस असतात आणि साधारणपणे दुसरा सहा ते बारा महिन्यांनी. सप्टेंबर २०२४ पासून ७५ पूर्ण करणाऱ्यांना आरएसव्हीचीही मिळते. हा विषाणू म्हाताऱ्या छातीला फार त्रास देतो. (नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, हे मीही लहानपणी ऐकले आहे. तसे काही नसते. पण फोड गेल्यावरही महिनोन् महिने राहणारी आग खरी आहे, आणि ती सोसलेली माणसे आपल्या मंदिरात आहेत.)

शाकाहाराची शंका रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. नागिणीच्या जुन्या लसीत डुकराचे जिलेटिन होते. आता दिल्या जाणाऱ्या लसीत नाही. मोठ्यांच्या फ्लूच्या इंजेक्शनातही नाही. नातवंडांना शाळेत नाकात मारतात त्या फवाऱ्यात मात्र आहे. त्याऐवजी जिलेटिन नसलेले इंजेक्शन मागता येते. फ्लूच्या काही लसी अंड्यात वाढवतात, काही नाही. अंडे वर्ज्य असेल तर आधी विचारा. विचारण्यात संकोच कसला?

कोजागरीनंतरच्या रविवारी औषध दुकानाचे फार्मासिस्ट आपल्या सभागृहात फ्लूची लस देतील. नाव नोंदवायला ॲप नको. कार्यालयात वही ठेवली आहे. कार्यकारिणीची मंडळी आधी घेतील, सर्वांसमोर. बाकीच्या लसींसाठी दवाखान्यातच जावे लागते आणि तिथेच आपली अडचण आहे. मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दोन तास गाडी देऊ शकतील असे चार जण हवेत. सध्या एकच आहेत. ज्यांना गाडी नाही त्यांनी पत्रे वाचून दाखवायला आरतीनंतर अर्धा तास बसावे. टॅक्सीसाठी सेवानिधीची पेटी पादुकांच्या उजवीकडे आहे. आणि घरी न फोडलेली पाकिटे असतील तर घेऊन या, बिल असले तरी चालेल.

काकूंना मीच घेऊन गेले. पहिला डोस झाला. दंड दोन दिवस दुखला, म्हणून माझ्यावर थोड्या रागावल्याही. दुसऱ्या डोसचा महिना त्यांच्या कालनिर्णयावर लाल पेनने लिहून ठेवला आहे. त्या दिवशी मी भारतात असेन. तेव्हा गाडी कोण नेणार, तेवढे कार्यालयात कळवावे.