कीड सर्वेक्षणाच्या नोंदींत शब्दशः शोध : ‘ग्रेप’ आज्ञेचा वापर

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे झाली. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने त्याच वर्षी धोक्याचा इशारा दिला. अशा प्रसंगी ‘ही कीड आपल्या भागात पूर्वी आढळली होती काय?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर अनेकदा जुन्या सर्वेक्षणांच्या शेकडो फाइलींत दडलेले असते.

लिनक्स प्रणालीतील ‘ग्रेप’ ही आज्ञा असा शोध काही क्षणांत घेते. मात्र ती दिलेला मजकूर आकृतिबंध म्हणून वाचते. आकृतिबंधात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो. त्यामुळे ‘०.४’ ही मात्रा शोधल्यास ‘२०१४’ हे वर्ष असलेल्या ओळीही समोर येतात. मजकूर जसाच्या तसा शोधण्यासाठी पुढील रचना वापरावी :

ग्रेप -एफ -आर -एन '०.४' नोंदी

प्रत्यक्षात आज्ञा व पर्याय रोमन अक्षरांत टंकावेत. ‘एफ’ मोठ्या लिपीतील असावा. तो शब्दशः शोध घेतो. लहान ‘एफ’ दिल्यास पुढील शब्द शोधसूचीच्या फाइलीचे नाव समजला जातो. लहान ‘आर’ उपफोल्डरही तपासतो, तर लहान ‘एन’ ओळीचा क्रमांक दाखवितो. तरीही ‘१०.४’ मधील अंश जुळतोच. म्हणून प्रत्येक ओळ वाचूनच निष्कर्ष काढावा.

शब्दशः शोधाला मर्यादाही आहेत :

१. ‘अळी’ शोधल्यास ‘अळ्या’ सापडत नाही. ‘अळ’ दिल्यास दोन्ही सापडतात.

२. देवनागरी व इंग्रजी अंक संगणकास भिन्न असतात. दोन्ही प्रकारे शोध घ्यावा.

३. ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे साठविले जाऊ शकते. दिसण्यास सारखा असलेला शब्दही त्यामुळे निसटतो.

४. कीड स्थानिक, मराठी वा शास्त्रीय अशा कोणत्याही नावाने नोंदलेली असू शकते. प्रत्येक नावापूर्वी लहान ‘ई’ पर्याय देऊन सर्व नावे एकाच आज्ञेत शोधता येतात.

५. वर्ड, एक्सेल व पीडीएफ फाइली आधी साध्या मजकुरात रूपांतरित कराव्यात.

शोध रिकामा आला, तर दिलेली अक्षरे त्या फाइलींत नाहीत, एवढेच सिद्ध होते. कीड नव्हती असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. सर्व नावे व अंकलेखनाचे दोन्ही प्रकार तपासल्यानंतरच ‘नोंद आढळली नाही’ असे अहवालात लिहावे.