बायोडाटा एक, काम एक



गेल्या महिनाभरात मिस्सेनंतर पाच-सहा तरुण-तरुणींनी आपापले बायोडाटा आम्हाला पाहायला दिले. सगळे बीबीत किंवा जवळपासच्या गावांत ऑनलाइन सेंटरवर टाइप केलेले. नावे झाकली असती तर कोणता कागद कोणाचा हे आईलाही ओळखता आले नसते. पहिल्या ओळीत सर्वांचे ध्येय एकच: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीची व स्वतःची प्रगती साधणे. त्याखाली दहावी, बारावी, एमएस-सीआयटी. छंद म्हणून क्रिकेट आणि गाणी ऐकणे. मग वडिलांचे नाव, जात, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती, आणि वरील सर्व माहिती खरी असल्याची ग्वाही. या माणसाला काय काम येते आणि त्याला कोणते काम हवे आहे, एवढेच सांगायचे राहून गेले होते.

यात मुलांचा फार दोष नाही. आपल्याकडे बायोडाटा म्हटले की आधी लग्नाचा आठवतो. सेंटरवाल्या भाऊंकडेही बहुधा एकच नमुना असतो. वर क्रूसाचे चित्र टाकले की तो स्थळासाठी, काढले की नोकरीसाठी. पण स्थळ पाहणाऱ्यांना घराणे हवे असते आणि कारखान्यातल्या साहेबांना मोटार दुरुस्त करणारा माणूस हवा असतो.

त्या मुलांपैकी एकाचे उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेला मुलगा. जालना, वाळूज, शेंद्रा असे मिळून चाळीसेक ठिकाणी त्याने अर्ज दिले. एकाही ठिकाणाहून फोन नाही. घरी बहिणीच्या लग्नाचे कर्ज, वडिलांचे गुडघे गेलेले. आम्ही कागद पाहिला तर वर लिहिले होते: इलेक्ट्रिशियन, हेल्पर, डाटा एन्ट्री, सुपरवायझर, ड्रायव्हर, सेल्समन. आम्ही विचारले, "अरे, यातले तुला नक्की काय हवे?" तो म्हणाला, "काका, मले कोनतंही काम चालते. एकच लिहिलं अन् तेच नसलं त्यांच्याकडं, तर?"

खरी अडचण या शेवटच्या प्रश्नात आहे. ज्या घरात पुढच्या महिन्याचा किराणा उधारीवर आहे, तिथे एक दार धरून बाकीची दारे सोडायला भीती वाटते. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्यापैकी एकाने तरुणपणी असाच सर्व काही लिहिलेला कागद नेला होता. समोरच्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "तुम्हाला मी कुठे बसवू?" उत्तर देता आले नाही, आणि साहेबांना ते शोधायला वेळ नव्हता. हेल्पर हवा असेल तर तो गेटवर रोज मिळतो. कागद वाचून माणूस बोलावतात तो विशिष्ट कामासाठी. समृद्धी महामार्ग आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून गेला आणि 5 जून 2025 पासून नागपूर-मुंबई हा पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. आपल्याला जालना, संभाजीनगर जवळ आले तसे ते इतर जिल्ह्यांतल्या मुलांनाही जवळ आले. टेबलावरचा गठ्ठा मोठा झाला आहे, तेव्हा पहिल्या दोन ओळींतच काम दिसायला हवे.

आम्ही त्या मुलाला बसवून घेतले आणि आयटीआयनंतर काय काय केले ते विचारले. "काही नाही, घरीच होतो." थोडे खोदल्यावर कळले की दोन रब्बी हंगाम तो गावातल्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत होता. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट बदलणे, जळालेला कॅपॅसिटर ओळखणे, केबलचा दोष शोधणे, एक फेज गेली की मोटार जळू नये म्हणून प्रिव्हेंटर बसवणे. मोटारीचे वाइंडिंगही एका दुकानात बसून शिकला होता. पैसे कधी मिळाले, कधी शेतकऱ्याने ज्वारीचे कट्टे दिले. पगाराची पावती नाही म्हणून त्याने यातले एक अक्षरही लिहिले नव्हते, आणि शाळेतला धावण्याचा दुसरा क्रमांक मात्र लिहिला होता!

तेव्हा त्याचा नवा कागद असा झाला. नावाखाली मोठ्या अक्षरांत: इलेक्ट्रिशियन, मोटार व पॅनेल देखभाल. त्याखाली दोन ओळी: आयटीआय इलेक्ट्रिशियन, थ्री-फेज मोटार, स्टार्टर व पंप दुरुस्तीचा दोन हंगामांचा स्वतंत्र अनुभव, शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी. मग केलेली कामे, मग शिक्षण. ड्रायव्हिंगचा परवाना शेवटी एका ओळीत राहिला, कारण देखभालीच्या माणसाला तो उपयोगी पडतो. डाटा एन्ट्री, सेल्समन, छंद, जात, धर्म, उंची हे सर्व काढले. दोन पानांचे एक पान झाले. ड्रायव्हर आणि सेल्समन खोडताना त्याचा हात अडत होता, ते आम्ही पाहिले.

सेंटरवाल्या भाऊंनी भल्या मनाने सुचवले की "दोन वर्षे, अमुक कंपनी" असे टाकून द्या, कोण पाहतो? कृपा करून असे करू नका. मुलाखतीला बसलेला माणूस कंपनीचे नाव विचारून थांबत नाही. तो विचारतो, मोठी मोटार आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टामध्ये का चालवतात? विहिरीवर हात काळे केलेला मुलगा सांगू शकतो की चालू होताना मोटार फार करंट ओढते आणि स्टारमध्ये तो थेट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो. खोटी दोन वर्षे लिहिणारा तिथेच अडकतो, आणि मग त्याचे खरे शिक्षणही संशयात जाते. वडिलांच्या आजारपणात एक वर्ष घरी गेले असेल तर "घरची शेती" असे वर्षासह सरळ लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. आपल्या पुष्कळ घरांत जेवणाच्या जागी 'शेवटच्या भोजना'चे चित्र असते. त्याचा चित्रकार लिओनार्दो दा विंची याने सन 1482 च्या सुमारास, वय तिशीच्या आसपास असताना, मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी पत्र लिहिले. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. चित्रकार म्हणून तो तेव्हा नावारूपाला येत होता, पण पत्रात चित्रांचा विषय अगदी शेवटी आणि मोजक्या शब्दांत येतो. आधी येतात ते हलके पण मजबूत पूल, खंदकातले पाणी काढण्याची रीत, तोफा, झाकलेले गाडे. समोरच्याला लढायांची चिंता होती हे ओळखून त्याने पत्र लिहिले. शिवाय कोणाला हे अशक्य वाटले तर तुमच्याच बागेत करून दाखवतो, असेही म्हटले. पुढे याच लुदोविकोसाठी त्याने 1495 ते 1498 च्या दरम्यान मिलानच्या मठातील भोजनगृहाच्या भिंतीवर ते चित्र काढले. एवढ्या गुणी माणसालाही सर्व गुण पहिल्या ओळीत ओतावेसे वाटले नाहीत.

बी.ए. झालेल्या एका भगिनीने विचारले, आमच्याकडे ट्रेडच नाही, आम्ही काय लिहावे? तिच्याशी बोलताना समजले की आईच्या बचत गटाचे हप्ते, व्याज, बँकेचा भरणा आणि ठरावाची वही चार वर्षे तीच सांभाळते. मग तिचे काम ठरलेच: कार्यालयीन नोंदी व हिशेब. टॅली शिकली तर उत्तमच. तिला शिवणही चांगले येते, म्हणून शिवणाच्या युनिटसाठी दुसरा वेगळा कागद करून दिला. दोन कामे येत असतील तर दोन कागद असू द्यावेत, फक्त एकाच कागदावर दोन्ही नकोत. नर्सिंग केलेल्या मुलींनी कोणत्या विभागात काम केले (प्रसूती, अतिदक्षता, शस्त्रक्रिया) ते वर लिहावे आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा उल्लेख विसरू नये. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ज्यांनी काम केले, ते नुसते योजनेचे नाव लिहून मोकळे होतात. तिथे रोज काय केले, ते लिहा.

फादरांच्या पत्राबद्दलही थोडे. मिशनच्या दवाखान्यांत किंवा शाळांत अर्ज करताना फादरांची चिठ्ठी मागण्याची आपल्यात रीत आहे, आणि फादर ती आनंदाने देतात. पण मुलगा सुस्वभावी आहे व नियमित चर्चला येतो एवढेच फादर लिहू शकतात. सलाईन लावता येते की वर्ग सांभाळता येतो, हे कागदानेच सांगायचे असते. आईवडिलांनी चिठ्ठीवर सारी भिस्त ठेवू नये.

काही किरकोळ पण घात करणाऱ्या गोष्टी. तीन कागदांवर ई-मेलचा पत्ता सेंटरवाल्या भाऊंचा होता; मुलाखतीचे बोलावणे आले तर ते त्यांच्याकडे! स्वतःचा पत्ता काढा आणि पासवर्ड स्वतः लक्षात ठेवा. रिचार्ज स्वस्त म्हणून नंबर बदलला असेल तर कागदावरही बदला. आधार क्रमांक बायोडाट्यावर छापू नका, तो कागद कोणाकोणाच्या हातून जातो हे आपल्याला कळत नाही. फाइल पीडीएफ करूनच पाठवा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांची खिचडी होते. आणि इंग्रजीत लिहिले असेल तर प्रत्येक वाक्याचा अर्थ आपल्याला मराठीत सांगता यायला हवा; जे सांगता येत नाही ते खोडा.

त्या मुलाला अजून नोकरी लागलेली नाही. नवा कागद त्याने मोजून सहा ठिकाणी दिला, तोही फक्त जिथे देखभाल विभाग आहे तिथे. दोन ठिकाणांहून फोन आले. एकाने पगार फार कमी सांगितला, दुसरीकडे पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक चाचणी आहे. पाना-पेंचिस घरचीच घेऊन जा, असे आम्ही त्याला सांगितले आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही चर्चच्या हॉलमध्ये दोन तास बसणार आहोत. जुना बायोडाटा, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि एक कोरी वही आणावी. फोटोची गरज नाही. आल्यावर पहिला प्रश्न तोच असेल, म्हणून घरूनच ठरवून या: तुम्हाला कोणते काम हवे?