आजोबांचे पत्र मराठीत कसे येईल?

मुलांनो, या वेळचा धडा खेळाचा आहे. पालकांनीही तो वाचावा, कारण त्यांच्या मदतीशिवाय गृहपाठ पुरा होणार नाही.

'स्टारड्यू व्हॅली' हा संगणकावरचा खेळ वर्गातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. एरिक बॅरोन यांनी तो एकट्याने बनवला आणि 26 फेब्रुवारी 2016 रोजी तो बाहेर आला. कचेरीच्या कामाला कंटाळलेला नायक (किंवा नायिका, निवड तुमची) आजोबांचे जपून ठेवलेले पत्र उघडतो आणि त्यांची शेती सांभाळायला गावी जातो. गोष्ट अगदी आपल्याकडची वाटते, नाही का? पण खेळाच्या 12 अधिकृत भाषांत एकही भारतीय भाषा नाही.

मात्र खेळणाऱ्यांनी स्वतः केलेले बदल, म्हणजे 'मॉड', त्यात बसवता येतात. 'कंटेंट पॅचर' नावाचे साधन असले की प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. मजकुराच्या फाइलीत संवाद बदलले तरी पुरते. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या 1.5.5 आवृत्तीपासून तर मॉडमधून नवी भाषा जोडण्याची सोय खेळातच झाली आहे.

खेळ खरा वाटावा म्हणून लोक बहुधा भूक, तहान, थंडी यांचे नियम घालतात. 'स्कायरिम' (2011) या बर्फाळ खेळात शौकिनांनी आधी थंडी आणली. 2017 मध्ये कंपनीनेही तसा प्रकार काढला. आम्हाला दोह्यात राहून उलटे सुचते. इथे 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावर काम करायला बंदी असते. खेळातल्या उन्हाळ्यातही भर दुपारी कुदळ मारणाऱ्याची ताकद दुपटीने उतरली पाहिजे! पण आमच्या मते त्याआधी गावाने आपल्याशी नीट बोलायला हवे.

मागच्या शुक्रवारी वर्गात आम्ही काही वाक्ये मराठीत करून पाहिली आणि पहिल्याच वाक्याला अडलो. इंग्रजीत 'यू' म्हटले की काम भागते. मराठीत आधी ठरवावे लागते: तू की तुम्ही? आणि 'तू' म्हटले तर मुलगा की मुलगी? यावर खेळात एक सोय आहे. संवादात ^ हे चिन्ह घातले की त्याच्या आधीचे वाक्य नायकाला आणि नंतरचे नायिकेला ऐकू येते:

दमलास का रे?^दमलीस का गं?

हे दुप्पट काम टाळायला एकाने युक्ती काढली. सगळीकडे 'तुम्ही' घालायचे! 'तुम्ही आलात' हे दोघांनाही चालते. युक्ती व्याकरणाला धरून आहे, पण गावातली एव्हलिन आजी, जी सगळ्यांची आजी आहे, ती नातवाच्या वयाच्या पोराला 'तुम्ही दमलात का?' म्हणाली तर? वर्गात हशा पिकला. आजी रागावली आहे असेच सगळ्यांना वाटले.

गावाचा प्रमुख लुईस याला आम्ही सरपंच केले. तो नवख्याला 'या, बसा' म्हणेल. ओळख वाढली की 'ये रे, बस'. हेही जमते, कारण खेळात मैत्री हृदयांनी मोजतात आणि वाराच्या नावापुढे 4 लिहिले की तो संवाद चार हृदयांची मैत्री झाल्यावरच येतो. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचे हे मात्र संगणक सांगणार नाही. आम्ही चारवर यायचे ठरवले. एका आईचे म्हणणे पडले की सरपंच आठपर्यंत तरी 'तुम्ही'च म्हणेल. त्यांचे बरोबर असावे.

एक अडचण लिपीची. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी संगणकात 'क'नंतर साठवली जाते, पण दिसायला हवी 'क'च्या आधी. जो खेळ अक्षरे आली तशी एकेक मांडत जातो, त्यात वेलांटी चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. म्हणून भाषा जोडण्याआधी 'किल्ली', 'शेतकऱ्याची', 'क्षेत्र' हे तीन शब्द खेळात उमटवून पाहावेत.

गृहपाठ: आजोबांचे पत्र तुमच्या शब्दांत लिहा, दहा ओळींत. मूळ पत्राचे भाषांतर नको. मराठी पत्राला मायना असतो. नायकासाठी 'चि. @ यास अनेक आशीर्वाद', नायिकेसाठी 'चि. @ हिस अनेक आशीर्वाद'. @ च्या जागी खेळणाऱ्याचे नाव येते. शेतीचे शब्द (बांध, विहीर, पेरणी, खळे) घरी आजी-आजोबांना फोन करून विचारावेत. ते मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी जे बोलतात, त्याच बोलीत पत्र लिहिले तरी चालेल. कागद पुढच्या शुक्रवारी आणावा.