डबल बेस घेताना पैसा कुठे घालावा

घरी वाजवायला डबल बेस घ्यायचा म्हटलं की चौकशी लाकडापासून सुरू होते. पुढची फळी कोरून काढलेल्या अखंड स्प्रूसची आहे की प्लायवूडची, यावर वाद्याची जात ठरते आणि प्लायवूड म्हटलं की घेणाऱ्याचं तोंड उतरतं. मला हे उलटं वाटतं. बजेट बेताचं असेल तर प्लायवूडचाच बेस घ्यावा आणि वाचलेले पैसे फिंगरबोर्ड, ब्रिज आणि तारांवर घालावेत. बेताच्या पैशात मिळणारा अखंड लाकडाचा बेस हा या वाद्यातला सर्वांत महाग सौदा ठरतो. फक्त त्याचं बिल काही पावसाळ्यांनंतर हातात पडतं.

लाकूड ओल शोषून फुगतं आणि सुकताना आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. डबल बेसची पुढची फळी खालच्या अंगाला दोन फुटांहून रुंद असते, म्हणून व्हायोलिनमध्ये केसभर होणारी हालचाल इथे मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. आणि फळीच्या कडा तर बाजूंना चिकटवलेल्या. हलायला वाव मिळाला नाही की फळी चिरते. म्हणून जाणते कारागीर हा जोड मुद्दाम पातळ सरसाने लावतात: ताण वाढला तर जोड सुटावा, फळी वाचावी. सुटलेला जोड पुन्हा चिकटवणं किरकोळ काम आहे, पण चीर सांधायची तर बहुतेकदा वाद्य उघडावं लागतं. या वाद्यांसाठी साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता योग्य मानतात. मुंबई-पणजीची जुलैतली हवा त्याच्या कितीतरी वर असते, तर नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या खालीही उतरते. त्यात एसी रात्री चालू, सकाळी बंद. अखंड लाकडाला यापेक्षा वाईट वागणूक कुठली? प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो, त्यामुळे तडा जाण्याची भीती फार कमी. हलक्या प्लायवूडचे थर सुटतात, हे मान्य. त्यासाठी घेण्यापूर्वी फळीवर सगळीकडे बोटांच्या पेरांनी टकटक करावी. एखाद्या जागी खरखर ऐकू आली तर ते वाद्य तिथेच ठेवावं.

‘पण आवाजाचं काय?’ हा आक्षेप खरा आहे, आणि गजाने वाजवणाऱ्याच्या बाबतीत तर बराच खरा. चांगल्या कोरलेल्या फळीतून गजाचा स्वर जसा खुलतो तसा प्लायवूडमधून खुलत नाही. वाद्यवृंदात बसायचं असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवावा. मात्र इथे तुलना चांगल्या कोरलेल्या बेसशी नाही. त्याच किमतीचा अखंड बेस म्हणजे बहुधा घाईने वाळवलेलं लाकूड आणि जाड राखलेली फळी. उलट शिकागोच्या के कंपनीने १९३७ पासून बनवलेले प्लायवूडचे बेस अमेरिकेतल्या शाळांत, जॅझच्या अड्ड्यांवर, ब्लूग्रासच्या मैफलींत वाजले, आणि त्यांतले कित्येक आजही वाजताहेत. शिवाय खोलीचाही विचार हवा. खालची ई तार ४१ हर्ट्झला बोलते आणि हवेत तिच्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त भरते. दहा बाय बाराच्या खोलीत ती आपल्याला कळते ती मुख्यतः वरच्या उपस्वरांवरून. लाकडातला बारीक फरक तिथे किती जाणवणार?

बोटांना मात्र सेटअपमधला फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो. मिरजेचा तंबोरा कितीही उत्तम भोपळ्याचा असो, जवारी लागल्याशिवाय तो बोलत नाही. या वाद्यातही ब्रिज, पोटात उभी असलेली दांडी म्हणजे साउंडपोस्ट, आणि तारांची उंची जुळल्याशिवाय काही खरं नाही. स्टीलच्या चार तारांचा मिळून ताण सव्वाशे किलोच्या घरात जातो, त्यामुळे तार गरजेपेक्षा चार मिलिमीटर उंच असली तरी शिकणारा महिन्याभरात हात टेकतो. फिंगरबोर्डच्या शेवटाला ‘जी’ तार पाच-सहा आणि ‘ई’ तार आठ-नऊ मिलिमीटर उंच असली की हात चालतो. सगळ्यात जास्त फसवणूक फिंगरबोर्डमध्ये होते. आबनूस महाग, म्हणून मऊ लाकडाला काळा रंग फासलेला असतो. तारा त्यात चर पाडतात आणि वाद्य झणझणू लागतं. खालच्या बाजूला, जिथे रंग नीट पोचलेला नसतो, तिथे पाहावं. मानेवरून एका टोकाकडून डोळा लावून ती पिळली तर नाही ना, हेही बघावं. तारांचा बरा संच परदेशातच दीडशे ते तीनशे डॉलरना पडतो, तेव्हा तो पहिल्याच हिशेबात धरावा. साउंडपोस्ट चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. म्हणून तारा बदलताना एकेकच काढावी. आणि हो, ‘तीन-चतुर्थांश’ हे माप ऐकून बिचकू नये. मोठ्या माणसांचं प्रचलित माप तेच.

मग बेस गिटारच का घेऊ नये? सूर तेच, किंमत कमी, आणि तारेची लांबी ४१-४२ इंचांऐवजी ३४. लिओ फेंडरने १९५१ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा या अवजड वाद्याला कंटाळलेले वादकच त्याच्या डोळ्यांसमोर होते. ज्याला फक्त गाण्याखालचा बेस हवा आहे त्याने खुशाल तीच घ्यावी. पडद्यांशिवाय सूर शोधायचा असेल, गज धरायचा असेल, तर मात्र ती उपयोगाची नाही. डबल बेसच घेतला आणि शेजाऱ्यांची काळजी असेल, तर तो ज्या एंडपिनवर उभा राहतो तिच्याखाली जाड रबरी चटई घालावी, कारण त्या टोकातून कंपनं थेट फरशीत उतरतात आणि तक्रार बहुधा भिंतीपलीकडून नव्हे, खालच्या मजल्यावरून येते.