काँक्रीट ओतण्याआधी

चि. बाळास,


हिंजवडीच्या फेज 3 मधल्या साइटवर तुझी नेमणूक झाली, तीही स्टील-काँक्रीटच्या कंपोझिट कॉलमवर, हे ऐकून फार आनंद झाला. आरसीसीवर हात बसलेले इंजिनिअर आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे काम जवळून पाहायला मिळालेले थोडे. माझं आयुष्य भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये गेलं, म्हणून जोडांविषयी हक्काने लिहितो आहे. कॉलम कसा डिझाइन करायचा ते तू कॉलेजात शिकलीस. जोड मात्र साइटवर उभं राहूनच शिकावा लागतो.

शॉपमध्ये तयार केलेला कॉलम आणून बोल्टने जोडण्याची पद्धत हिंजवडीसारख्या ठिकाणी का हवी, हे तुला रोज येता-जाता दिसतच असेल. तिथल्या गर्दीच्या रस्त्यांवर सेंटरिंगचं सामान, सळई आणि मिक्सर यांच्या फेऱ्या जेवढ्या कमी तेवढं बरं. पुणे मेट्रो 3 चं कामही तयार भाग आणून वर चढवतच उभं राहिलं. कंपोझिट बांधकामाचा आपला कोड, आयएस 11384, 1985 मध्ये आला तेव्हा त्यात बीमचाच विचार होता. 2022 च्या आवृत्तीत कॉलमही आले. त्यामुळे तुझ्या वरिष्ठांपैकी अनेकांनाही हे नवंच आहे. विचारायला लाजू नकोस.

वेल्डिंग शॉपमध्ये आणि बोल्ट साइटवर, ही वाटणी का करतात ते नीट समजून घे. 17 जानेवारी 1994 ला कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. स्टीलच्या इमारती उभ्या राहिल्या, म्हणून लोक निर्धास्त झाले. पुढे आवरणं काढून पाहिलं, तर बीम आणि कॉलम जिथे साइटवर वेल्ड केले होते तिथे तडे सापडले. म्हणून साइटवर वेल्डपेक्षा बोल्ट बरा. हे आपल्यालाही लागू आहे: भूकंपाच्या कोडाच्या, आयएस 1893 च्या, 2016 च्या आवृत्तीत पुणे भूकंपक्षेत्र 3 मध्ये आहे, आणि 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्या घरातल्या थोरल्यांना अजून आठवतो.

बोल्ट डोळ्यांना दिसतो, मोजता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण तुझ्या कॉलममध्ये तो गुण थोडाच वेळ टिकतो. एकदा कॉलमच्या पोकळ नळीत काँक्रीट भरलं, किंवा जोडाभोवती ओतलं, की आतल्या नटापर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच: काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर गेटवर उभा असला, ठेकेदार घड्याळ दाखवत असला, तरी जोड स्वतः पाहिल्याशिवाय पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या परवानगीवर, सही करायची नाही.

पाहायचं काय? आधी प्लेटींचे एकमेकांना टेकणारे चेहरे. घर्षणावर चालणाऱ्या जोडात भार त्या चेहऱ्यांमधून जातो. स्टीलच्या कोडात, आयएस 800 मध्ये, शॉट ब्लास्ट केलेल्या, सुटा गंज काढलेल्या पृष्ठभागाला घर्षणगुणांक 0.50 दिलाय आणि लाल शिशाचा रंग लावलेल्याला 0.10. म्हणजे रंगाऱ्याने मन लावून प्लेट पूर्ण रंगवली, तर बोल्ट तेवढेच राहून जोडाची ताकद पाचव्या हिश्श्यावर येते. शॉपमधून माल आला की तो भाग मास्किंग टेपने झाकून सोडलाय का, हे ट्रेलरवरच बघ.

मग आवळणं. 8.8 ग्रेडच्या 20 मिलिमीटरच्या एका बोल्टमध्ये सुमारे 14 टन ताण भरायचा असतो. पान्याने दिलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच त्या ताणात उतरतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून पावसात भिजून आटे गंजले असतील तर टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र सैल राहतो. बोल्टच्या पेट्या जूनमध्ये उघड्यावर दिसल्या तर तिथल्या तिथे बोल. मला स्वतःला नट फिरवून मोजण्याची रीत अधिक भरवशाची वाटते: सगळे बोल्ट घट्ट बसवून घ्यायचे, बोल्टचं टोक, नट आणि प्लेट यांवरून मार्करची एक सरळ रेघ ओढायची, मग ठरलेला फेरा द्यायचा. नटावरची रेघ किती सरकली ते चार फुटांवरूनही दिसतं. सुरुवात जोडाच्या मध्यापासून करून कडेकडे जायचं, नाहीतर आधी आवळलेले बोल्ट नंतर ढिले पडतात. पोकळ नळीतून आरपार जाणारे बोल्ट काँक्रीट भरण्याआधी किती आवळायचे आणि नंतर किती, हे डिझायनरला लेखी विचार. रिकाम्या नळीच्या भिंती ताणाने आत दबू शकतात.

भोकं जुळली नाहीत तर फिटर गॅस कटर मागेल. देऊ नकोस. 20 च्या बोल्टला भोक 22 चं असतं. त्यापलीकडे वाढवायचं तर डिझायनरची परवानगी आणि रीमर. 17 जुलै 1981 ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले झुलते पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात एकच सलग सळई दोन्ही पूल पेलणार होती. शॉप ड्रॉइंगमध्ये तिच्या जागी दोन आखूड सळया आल्या आणि वरच्या पुलाच्या नटांवर दुप्पट भार आला. जोडातला बदल कितीही किरकोळ वाटला तरी तो कागदावर, सहीनिशी झाला पाहिजे.

आणखी एक. काँक्रीट भरलेल्या नळ्यांना वर-खाली बारीक भोकं ठेवलेली असतात. आग लागली तर आतल्या ओलाव्याची वाफ तिथून बाहेर पडते. रंगकामाच्या वेळी ती पुट्टीने बुजवली जातात. फिनिशिंगवाल्यांना आधीच बजावून ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा तुमच्या पोअर कार्डाची एक कोरी प्रत घेऊन ये. त्यात बोल्टच्या जोडांसाठी वेगळा रकाना घालायचा कसा, ते आपण दोघं बसून ठरवू.

तुझा,
मामा