सम्यक आजीविका आणि आपले ताट

अन्नाची नैतिकता आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नावर तोलली जाते : शाकाहार की मांसाहार? अलीकडे त्यात ‘व्हीगन’ या शब्दाची भर पडली आहे. १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली आणि हा शब्द रूढ केला. मांस, मासे, अंडी यांबरोबरच दूध, तूप, मध व चामडेही हा विचार वर्ज्य मानतो. प्राण्यांचे शोषण शक्य तितके टाळावे, हा त्याचा गाभा होय. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर गेलेली आपली मुले हा विचार घेऊन घरी येतात आणि पंगतीत प्रश्न विचारतात. त्यांना बौद्ध पालकाने काय उत्तर द्यावे?

शुद्धी आणि करुणा

या विषयाकडे आपला समाज संशयाने पाहतो, आणि त्याला कारण आहे. कोण काय खातो, यावरून या देशात माणसाची पायरी ठरविली गेली. गोमांसभक्षणाचा अस्पृश्यतेशी असलेला संबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तपासला. आजही शहरात भाड्याने घर मागताना आहाराची चौकशी होते आणि तिच्या आडून जात विचारली जाते. अशा शुद्धीशी धम्माचे काही नाते नाही.

तथापि आहाराचा विचार बाबासाहेबांनी टाकून दिला नव्हता. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे मार्च १९२७ च्या परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. त्या आवाहनामागे सोवळे नव्हते, स्वाभिमान होता. ज्या अन्नाने माणूस हीन ठरतो, ते त्याने नाकारावे, हा महाडचा धडा आहे.

जीवकसुत्ताची शिकवण

मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात भगवान बुद्धांनी भिक्षूंसाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तसा संशय असेल, तर ते मांस घेऊ नये. सर्व भिक्षूंवर मांस-मासे वर्ज्य करण्याची सक्ती करावी, ही देवदत्ताची मागणी त्यांनी मान्य केली नाही.

एवढे सांगून पुष्कळजण थांबतात. परंतु त्याच सुत्तात पुढे तथागतांसाठी वा त्यांच्या शिष्यांसाठी प्राणी मारणाऱ्याचे पाच दोष मोजले आहेत. ‘तो प्राणी आणा’ ही आज्ञा हा पहिला दोष. गळ्याला बांधून ओढत आणताना त्याला होणारे दुःख हा दुसरा. मारण्याची आज्ञा आणि मरणाचे दुःख त्यानंतर येतात. म्हणजे हिंसेचा आरंभ सुरीपाशी होत नाही. तो मागणीपाशी होतो.

येथे भिक्षू आणि उपासक यांतील भेद लक्षात घ्यावा. भिक्षू पात्रात पडेल ते स्वीकारतो. उपासक पैसे मोजून मागणी करतो. म्हणूनच अंगुत्तरनिकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रे, जीव (अट्ठकथेनुसार माणसे), मांस, मद्य आणि विष. माणसांची विक्री आणि मांसाची विक्री एकाच यादीत आहे, ही गोष्ट मननीय आहे.

पाहिले, ऐकले, संशय आला

या तीन कसोट्या केवळ मांसाला लावाव्यात असे नाही. भात हा संपूर्ण वनस्पतिजन्य आहार. तरी खोतीच्या काळात त्याच्या दाण्यादाण्यात कुळाचे शोषण होते. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे संप केला. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

आज तीच कसोटी साखरेला लावून पाहा. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फेडण्यासाठी हंगामभर राबतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. चहातील साखरेत प्राण्याचा अंश नाही, पण या स्त्रियांचे दुःख आहे.

श्रीवर्धनच्या माणसाला मासळी नवी नाही. पहाटे होडी घेऊन जाणारा कोळी आणि टोपली घेऊन दारी येणारी कोळीण आपल्या ओळखीची असते. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध हेच पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. मोठ्या जाळ्यात लहान पिल्लेही ओढली जातात आणि उद्याचा समुद्र रिकामा होतो. आग्नेय आशियात तर २०१५ साली असोसिएटेड प्रेसच्या शोधवृत्तानंतर दोन हजारांहून अधिक गुलाम खलाशांची सुटका झाली. त्यांनी पकडलेली मासळी अमेरिकेच्या दुकानांपर्यंत पोहोचत होती.

दुधाचेही तसेच. सुजातेची खीर बुद्धांनी स्वीकारली होती. परंतु गोठ्यातली गाय आणि जिच्या नर वासराला जन्मतःच ‘निरुपयोगी’ ठरविले जाते ती व्यापारी दुग्धव्यवसायातील गाय, यांत अंतर आहे. व्हीगन मंडळींचा हा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे.

नियम नव्हे, तत्त्व

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेविषयी मोलाचा विवेक केला आहे. बुद्धांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे. गरजेपोटी होणारी हत्या आणि हत्येची इच्छा यांत त्यांनी भेद केला. नियम पाळला की माणूस विचार थांबवितो. तत्त्व त्याला प्रत्येक वेळी विचार करावयास लावते. ज्या कोळ्याचे वा आदिवासी कुटुंबाचे पोट मासळीवर चालते, त्याला कोणी दोष देऊ नये. ज्याला निवड करता येते, त्याने मात्र ती डोळे उघडे ठेवून करावी.

आपल्या भागात ही निवड अवघड नाही. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, वालाचे बिरडे, नारळाच्या दुधाची सोलकढी हे अन्न कोणा परदेशी विचाराकडून शिकावे लागत नाही. आठवड्यातील काही दिवस असे जेवण, विणीच्या हंगामात मासळीला विश्रांती, साखरेचा माफक वापर आणि गुळाच्या ढेपेमागचे हात कोणाचे याची विचारपूस, एवढे प्रत्येक घराला साधेल. कामगाराच्या मजुरीचा प्रश्न मात्र एकट्या ताटाने सुटणार नाही. त्यासाठी संघटना आणि कायदा हवा, हे चरीने शिकविले आहे.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ‘सर्व’ या शब्दात गाय येते, कोंबडी येते, मासळी येते आणि उसाच्या फडात वाकलेली बाईही येते. यांतील एकालाही वगळून केलेली करुणा अपुरी राहते.